नाव विसरते, गाणे का विसरत नाही?

घरातील वृद्धाला नातवाचे नाव आठवत नाही, दुपारी जेवण झाले की नाही हेही आठवत नाही. पण करुणात्रिपदी सुरू झाली की तो शेवटपर्यंत बिनचूक म्हणतो. नृसिंहवाडीत दवाखाना चालवताना असे रुग्ण मी अनेक घरांत पाहिले आहेत. सोबत आलेली सून मग हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, पदं सगळी आठवतात, मग आमचीच नावं कशी विसरतात? मामा मुद्दाम करतात का?" या संशयापायी घरात अबोला धरला जातो, म्हाताऱ्या माणसावर ओरडले जाते. म्हणून स्पष्ट सांगतो, हे सोंग नव्हे.

आठवणी मेंदूच्या एकाच कप्प्यात नसतात. आज सकाळी काय घडले याची नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमर या आजारात बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे नवे काही टिकत नाही. गाणे मात्र चाल, ताल, शब्द अशा अनेक वाटांनी आत शिरते आणि शेकडो वेळा म्हटल्याने सायकल चालवण्यासारखे अंगवळणी पडते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की ओळखीच्या संगीताची आठवण जपणाऱ्या भागांना या आजारात त्या मानाने कमी झळ पोहोचते.

दुसरी गोष्ट वयाची. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात. त्या काळात ऐकलेले गाणे एकटे राहत नाही, जागा, माणसे, वास घेऊन राहते. माझेच पाहा. मिरजेला एमबीबीएस करत असताना, १९९० साली, 'आशिकी'ची कॅसेट वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत वाजत असे. आजही ती गाणी लागली की मला शवविच्छेदनाच्या खोलीतील फॉर्मॅलिनचा वास येतो! प्रेमगीतांचे हे असे झाले, त्याला इलाज नाही. दुकानदाराकडून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली आवडती गाणी वडिलांच्या अभंगांच्या कॅसेटशेजारी बुटांच्या खोक्यांत होती. २००५ च्या महापुरात एक खोके गेले, २०१९ च्या पुरात उरलेल्यांत गाळ शिरला. पण अजून एक गाणे संपले की त्या कॅसेटवर पुढे असलेले गाणे डोक्यात आपोआप सुरू होते. फीत गेली, क्रम राहिला.

आता उपयोगाचे. 'जुनी गाणी' म्हणून मोबाईलवर काहीही लावून चालत नाही. या माणसाची गाणी कोणती, हे शोधावे लागते. आज ज्यांचे वय पंच्याऐंशीच्या आसपास आहे, ते १९५५-५६ मध्ये शाळकरी होते. पुणे आकाशवाणीवरून तेव्हा दर आठवड्याला गदिमांचे आणि आपल्या कोल्हापूरच्या सुधीर फडक्यांचे गीतरामायण लागे. कुणाला ते आठवेल, कुणाला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, कुणाला तमाशातील लावणी. लावणीच्या नावाने घरच्यांनी नाक मुरडू नये. यादी माणूस धडपणे सांगू शकतो तेव्हाच करावी. प्रत्येक गाण्यापुढे ते कुठे ऐकले, सोबत कोण होते, हेही लिहावे. वही पुराच्या पाण्यापासून उंच ठेवावी.

गाणे लावण्यापूर्वी कान तपासून घ्या. 'बाबांना गाण्यात रस उरला नाही' म्हणून आलेल्या काहींच्या कानातून मी नुसता मळ काढला आहे. बहिरेपण असेल तर श्रवणयंत्र टाळू नका, कारण उपचार न केलेले बहिरेपण स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच गाणे, बेताच्या आवाजात लावा. आंघोळीला किंवा कपडे बदलायला कुरकुर करणारे पुष्कळ जण ओळखीच्या गाण्याच्या नादात शांत राहतात. डोळ्यांत पाणी आले तर घाबरू नये, हात धरून बसावे. मात्र माणूस अस्वस्थ झाला, उठून जाऊ लागला, तर ते गाणे बंद करून यादीतून काढावे.

गाण्याने आजार बरा होत नाही, असा दावा कुणी केला तर पैसे देऊ नका. विसराळूपणा वाढत असेल तर थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी जरूर करून घ्यावी, यांपैकी काही कमी निघाले तर औषध आहे. आणि कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, माणसे ओळखेना, तर ते म्हातारपण समजून थांबू नका. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम उतरणे, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.