इंदूरचे कमिटर आणि अपाचीचे नियम

‘अपाची ऑफबिझ’ ही कंपन्यांचा कारभार सांभाळणारी प्रणाली आहे. मागण्या, गोदामातला साठा, उत्पादन, हिशेब ही सगळी कामे ती करते आणि तिचा सोर्स कोड कुणालाही मोफत वाचता, बदलता व वापरता येतो. डेव्हिड जोन्स आणि अँडी झेनेस्की यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जानेवारी २००६ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या उमेदवारी विभागात आला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला संस्थेच्या स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी आणि इंदूर अशा दोन्ही ठिकाणी काम चालणाऱ्या हॉटवॅक्स सिस्टिम्सचा सारा व्यवसाय याच प्रणालीभोवती उभा राहिला. त्यामुळे प्रकल्पाच्या अधिकृत सूचीत इंदूरच्या अनेक अभियंत्यांची नावे आहेत. इंदुरात आयटीचा विषय निघाला की सुपर कॉरिडॉर या रस्त्यालगतच्या टीसीएस आणि इन्फोसिसच्या आवारांकडे बोट दाखवले जाते. ऑफबिझमधला शहराचा हा वाटा मात्र इंदुरातही फारसा कुणाला माहीत नाही.

कोड सर्वांसाठी खुला असला, तरी मूळ संग्रहात बदल दाखल करण्याचा अधिकार मोजक्यांकडेच असतो. प्रणाली नुसती वापरणारा तो वापरकर्ता. दोष कळवणारा, दुरुस्ती पाठवणारा किंवा दस्तऐवज लिहिणारा तो योगदानकर्ता. त्याच्या कामात सातत्य आणि समज दिसली की प्रकल्प व्यवस्थापन समिती, म्हणजे पीएमसी, त्याला कमिटर करण्याबाबत मतदान घेते. हे मतदान खासगीत होते, कारण तिथे चर्चा माणसाच्या पात्रतेची असते. कमिटरला थेट संग्रहात लिहिता येते. पीएमसीचे सदस्य आवृत्त्यांवर मत देतात आणि नवे कमिटर निवडतात. समितीच्या अध्यक्षाची नेमणूक फाउंडेशनचे नऊ जणांचे संचालक मंडळ करते आणि प्रकल्पाचा अहवाल त्याने ठरलेल्या मुदतीत मंडळाला द्यायचा असतो. अध्यक्षाच्या मताचे वजन मात्र इतर सदस्यांइतकेच.

या रचनेतला सर्वांत मोलाचा नियम असा, की अधिकार व्यक्तीचा असतो, कंपनीचा नाही. पगार कुणीही देवो, कमिटर प्रकल्पात स्वतःच्या नावाने वावरतो. नोकरी बदलली तरी त्याचा दर्जा त्याच्यासोबत जातो आणि कंपनीला त्याच्या जागी दुसरा माणूस बसवता येत नाही. इंदूरच्या अभियंत्याच्या दृष्टीने हे फार मोठे आहे. ग्राहकासाठी बंद दाराआड केलेले काम बाहेर कुणाला दिसत नाही. ऑफबिझमधली प्रत्येक दुरुस्ती मात्र त्याच्या नावाने कायमची नोंदली जाते. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

दुरुस्तीची सुरुवात ‘जिरा’ या दोष व कामे नोंदवण्याच्या प्रणालीवरच्या नोंदीने होते. नोंदीला पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींची फाइल, जोडला जातो किंवा बदल सामावून घेण्याची विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवली जाते. अपाचीच्या प्रकल्पांत तपासणीच्या दोन पद्धती आहेत: आधी तपासून मग दाखल करणे, किंवा कमिटरने आधी दाखल करून इतरांनी मागाहून तपासणे. दुसऱ्या पद्धतीत काम वेगाने होते, पण मागाहून खरोखर कुणीतरी वाचते आहे या भरवशावरच ती टिकते. मत ‘अधिक एक’, ‘शून्य’ किंवा ‘उणे एक’ असे देतात. अधिकार असलेल्याने कोडमधल्या बदलाला दिलेला ‘उणे एक’ हा नकाराधिकार ठरतो. मात्र त्याला तांत्रिक कारण जोडावे लागते, नाहीतर तो ग्राह्य धरत नाहीत. नव्या आवृत्तीला नकाराधिकार लागू नाही. तिला पीएमसीच्या किमान तीन सदस्यांची संमती लागते आणि बाजूची मते विरोधी मतांपेक्षा जास्त असावी लागतात. मतदान साधारणपणे ७२ तास खुले ठेवतात. हिवाळ्यात इंदुरात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा सॉल्ट लेक सिटीत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. दोन्हीकडच्या सदस्यांना कोड उतरवून, चालवून पाहून मत देता यावे म्हणून ही मुदत.

तपासणीचा कस लागला तो सुरक्षेच्या प्रश्नांत. एरवी सारे उघड्यावर चालते. सुरक्षेतला दोष मात्र खासगीत कळवायचा आणि दुरुस्तीची आवृत्ती आल्यावरच जाहीर करायचा, असा संकेत आहे. २०२३ च्या अखेरीस १८.१२.१० या आवृत्तीने बाहेरच्या विनंत्या स्वीकारणारा, धोकादायक ठरलेला एक्सएमएल-आरपीसी हा भाग काढून टाकला. सोनिकवॉल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती दुरुस्ती बारकाईने वाचली, तेव्हा मूळ चूक लॉगिनच्या तपासणीतच शिल्लक असल्याचे दिसले: दार बुजवले होते, बिघडलेले कुलूप तसेच होते. नाव आणि पासवर्ड रिकामे ठेवून, पासवर्ड बदलायचा आहे असे विनंतीत सांगितले, की तपासणी चुकवता येत होती. १८.१२.११ मध्ये ती चूक दुरुस्त झाली.

पुढच्या वर्षी तसेच पुन्हा घडले. विनंतीच्या पत्त्यावरून परवानगी एका पानासाठी तपासली जायची आणि दाखवले जायचे दुसरेच पान, अशी फट होती. मे ते ऑगस्ट २०२४ या काळात तीन आवृत्त्यांनी तिच्यातून शिरण्याच्या निरनिराळ्या वाटा बंद केल्या. चौथी वाट रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवली आणि या सर्वांचे मूळ एकच असल्याचे स्पष्ट केले. प्रत्येक पॅच त्याच्यापुरता बरोबर होता. पॅच वाचणाऱ्याने त्याच्या चौकटीबाहेर पाहायला हवे होते, आणि पदांच्या कोणत्याही उतरंडीतून ही नजर आपोआप येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या १८.१२.१६ आवृत्तीत दाखवायच्या पानाचीच परवानगी तपासली जाऊ लागली: लॉगिन न केलेल्याला ते पान पाहण्याची मुभा आहे का, हे आता पान उघडण्यापूर्वी पाहिले जाते.