कूस बदलण्याची पन्नास वर्षे

नोव्हेंबर 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत केईएमच्याच परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. 2011 मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवेळी सर्वोच्च न्यायालयासमोर माहिती आली, की 37 वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण, झाला नव्हता. दयामरणाच्या वादात ही गोष्ट मागे पडली.

हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा सतत दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो, काही तासांतच आतले मांस मरू लागते. म्हणून वारंवार कूस बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे ही नेहमीची ठिकाणे. हा धोका ओळखण्याचे आणि जखम बरी करण्याचे ज्ञान शानबाग यांच्यावरील हल्ल्याच्या आधीपासूनच तयार होत होते. 1962 मध्ये ब्रिटनच्या डोरीन नॉर्टन यांनी धोका गुणांत मोजण्याची पद्धत दिली. त्याच वर्षी जॉर्ज विंटर यांनी दाखवले, की उघडी टाकून सुकवलेल्या जखमेपेक्षा ओलसर झाकलेली जखम लवकर भरते. 1987 मध्ये धोका मोजणारी ब्रेडन मापनपद्धती आली.

शय्याव्रणाची पहिली पायरी मात्र बोटाने कळते. लालसर डाग दाबून पाहावा. बोट उचलल्यावरही तो फिका पडला नाही, तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे गरमपणा किंवा टणकपणा हाताने चाचपावा. त्या भागावर मुळीच भार देऊ नये आणि चोळूही नये. पुढे जखम झालीच, तर सलाइनने धुणे, मेलेले मांस डॉक्टरांकडून काढणे, ओलसर ड्रेसिंग आणि प्रथिनयुक्त आहार.

गाझियाबादमधला एक तरुण 2013 च्या अपघातानंतर अंथरुणाला खिळला. आईवडिलांनी वर्षानुवर्षे घरीच त्याचे सगळे केले. 2024 मध्ये ते त्याच्या दयामरणाच्या मागणीसाठी न्यायालयात गेले आणि 2025 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच्या शय्याव्रणांचाही उल्लेख झाला. त्यात आईवडिलांची माया कमी पडली, असे कोणी म्हणू नये. केईएममध्ये पाळ्यांनी येणारे प्रशिक्षित हात होते. घरी थकलेली दोन माणसे असतात.

म्हणून अशा रुग्णाला घरी सोडताना घरच्यांना कूस बदलायला आणि त्वचा तपासायला शिकवलेच पाहिजे, आणि नंतर परिचारिकेने नियमित घरी गेले पाहिजे. ही जबाबदारी सरकारी आरोग्यसेवेने घ्यायला हवी.