नवजात बालकाची वेदना आणि आईची मांडी



परळी वैजनाथांतल्या एखाद्या घरीं पाळणा हलूं लागतो, त्याच्या आधींच बाळाची सुईशीं ओळख झालेली असते. जन्मतांच मांडींत 'के' जीवनसत्त्वाची सुई, चोवीस तासांच्या आंत हिपॅटायटिस-बी ची लस, डाव्या दंडावर क्षयाविरुद्धची बी. सी. जी.; रक्तांतील साखर पाहावयाची झाल्यास टांचेला टोंचणी. पुढें सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनीं पुन्हां लसी आहेतच. या सुया टाळून चालणार नाहीं. पण त्यांचें दुःख हलकें करतां येईल काय?

"एवढ्याशा जिवाला काय कळतें?" असें आपण सहज म्हणतों. वैद्यकशास्त्रहि फार काळ तसेंच मानीत आलें. अगदीं अलीकडे, १९८० नंतरच्या वर्षांतहि, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर पुरेशा वेदनाशामकावांचून शस्त्रक्रिया होत असत. या समजुतीला मोठा धक्का दिला तो इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनीं. ऑक्सफर्ड येथें केलेल्या संशोधनावरून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, प्रभावी वेदनाशामक दिलेल्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि मागाहून होणारे उपद्रवहि कमी होतात. पुढें १९९७ सालीं कॅनडांतील संशोधकांना असें आढळलें कीं, ज्या मुलग्यांची सुंता बधिरीकरणावांचून झाली होती, तीं मुलें चार-सहा महिन्यांनीं लस टोंचतांना इतरांहून अधिक कळवळलीं. पहिल्या दुःखाचा ठसा शरीरावर राहतो, असा याचा अर्थ दिसतो.

बाळाचें दुःख ओळखावें कसें? कपाळ आक्रसतें, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते. फार अशक्त बालक तर रडतहि नाहीं. म्हणून तें शांत आहे, असें समजूं नये.

यावर उपाय आहे, आणि तो घरचाच आहे. सुई टोंचण्यापूर्वीं बाळाला अंगावर घ्यावें, तें नीट चोखूं लागलें म्हणजे सुई टोंचूं द्यावी, आणि नंतरहि पाजणें चालू ठेवावें. चोखण्याची क्रिया, दुधाची गोडी, आईच्या अंगाची ऊब आणि ओळखीचा वास हीं चारहि एकदम कामास येतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं हीच शिफारस केली आहे. पाजणें शक्य नसल्यास लंगोटावरचें बाळ आईनें उघड्या छातीशीं पदराखालीं धरावें. रोटाव्हायरसचे गोड थेंब त्याच दिवशीं द्यावयाचे असतील तर ते सुईच्या आधीं द्यावेत. एकाहून अधिक सुया असल्यास जास्त झोंबणारी शेवटीं ठेवावी. रुग्णालयांत कधीं कधीं दोन मिनिटें आधीं साखरेच्या द्रावणाचे मोजके थेंब जिभेवर देतात. तें काम डॉक्टरांचें. घरीं साखरपाणी, गुटी किंवा मधाचें बोट देऊं नये. वर्षाच्या आंतील बालकाला मधांतून जीवघेणी विषबाधा होऊं शकते.

असें असतांहि घरोघर काय घडतें? "तुला बघवणार नाहीं," असें म्हणून आईला बाहेर पाठवितात आणि बाळाला परक्या हातांत देतात. त्याची किंकाळी भिंतीआडून ऐकणारी आई पुढच्या लसीला मागेंपुढें पाहते. बीड जिल्ह्यांत ही दिरंगाई महाग पडते. येथील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात. तीं परत येईपर्यंत लसीची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय असो, नाहीं तर गांवचें उपकेंद्र असो, प्रत्येक आईनें न संकोचतां म्हणावें, "सिस्टर, बाळ माझ्या मांडीवरच राहूं द्या. मी पाजायला घेतें, मग टोंचा." आणि सासूबाईंनीं तिला बाहेर न नेतां तिच्या पाठीशीं उभें राहावें. याला पैसा लागत नाहीं, औषध लागत नाहीं. आईला तिच्या जागीं बसूं दिलें म्हणजे पुरे.