सोऱ्या, शेव आणि सूरजागडची धूळ
(एका जुन्या वेल्डिंग यंत्राची आणि नव्या छांदिष्टाची हकीकत)

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्या चंद्रपूरच्या घरी एक अनाहूत पाहुणा आला. अंगाने ट्रंकेएवढा, वजनाला भलता जड, आणि डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या धुळीने माखलेला. त्याला उंबऱ्यावरच अडवून सौ.ने विचारले, "हे भंगार कुणाचे?"

"आपले," मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले.

हे भंगार म्हणजे एक जुने वेल्डिंग यंत्र होते. वर्कशॉपमधली मंडळी ज्याला 'सीओटू मशीन' किंवा 'मिग' म्हणतात, ते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एटापल्लीला नोकरीला होतो. तिथल्या एका जुन्या ओळखीच्या मिस्त्रीने नवे यंत्र घेतले आणि जुने मला अल्प मोलात दिले. "साहेब, चालते, पण कधीकधी रुसते," एवढेच तो म्हणाला होता. रुसणे म्हणजे काय, ते मला पुढच्या तीन आठवड्यांत कळले.

निवृत्त माणसाला हा उद्योग का सुचला, असे वाचक विचारतील. आमच्या पडवीत एक झोपाळा आहे. त्याच्या लोखंडी आकड्याला तडा गेला होता. माझी आई नव्वदीला टेकलेली; दुपारचा तिचा सारा दरबार त्या झोपाळ्यावर भरतो. तो बंद पडल्यापासून ती खाटेवर बसून भिंतीकडे पाहू लागली होती. दिवाळीपर्यंत झोपाळा मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करीन, असे मी तिला बोलून बसलो होतो.

लोखंडाचा सोऱ्या

हे यंत्र समजायला स्वयंपाकघरातला सोऱ्या आठवावा. सोऱ्यातून पिठाची शेव सुटते, तशी या यंत्राच्या टॉर्चमधून बारीक तार सुटते. आतली मोटर रोलरच्या चिमटीत धरून तार पुढे ढकलते. लायनर नावाच्या लांब नळीतून ती टॉर्चच्या टोकापर्यंत येते आणि तिथल्या तांब्याच्या 'टिप'च्या छिद्रातून बाहेर पडताना तिच्यात वीज शिरते. तार लोखंडाला भिडली की ठिणगी पेटते, तार वितळते आणि सांधा भरतो. त्याच वेळी नोझलमधून वायू सुटतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. काम नीट चालले असेल, तर कढईत शेव तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. अमेरिकेतील बॅटेल संस्थेत १९४८ साली ही पद्धत आकाराला आली. पोलादासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वायू तिच्यात वापरता येऊ लागला तो १९५० नंतरच्या दशकात.

माझ्या यंत्रातून मात्र चरचर नव्हे, बंदुकीचे बार निघत होते. तार दोन बोटे पुढे येई, थबके, आणि आत रोलरपाशी शेवयांसारखा गुंता होऊन बसे.

एका वेळी एकच खोड

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, सगळे एकदम बदलू नका. एक गोष्ट बदला, चालवून पाहा, मग दुसरी." हा उपदेश मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. नव्या शिकाऊ माणसाने यंत्राइतकाच तो जपावा.

पहिल्याने प्लग काढून टॉर्चची केबल सरळ पसरली, टिप काढली आणि पुन्हा तार सोडून पाहिली. टिपेशिवाय तार सुरळीत आली असती, तर दोष टिपेचा ठरला असता. तसे झाले नाही. मग रोलरचा दाब सैल करून तार हाताने ढकलली. ती हाताला जड लागली. म्हणजे आजार लायनरमध्ये होता.

लायनर बाहेर काढून मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला आणि त्यातून हवा मारली. दुसऱ्या टोकाने तांबड्या धुळीचा असा काही फवारा उडाला की, पंक्चरवाला गुलाल लागल्यासारखा रंगून गेला!

ती धूळ मी ओळखली. ती सूरजागडची होती.

डोंगराची वाट

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. त्यांच्या पोटात हेमेटाइट आहे. शुद्ध हेमेटाइटमध्ये वजनाने सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंड असते. आपण खिडकीच्या गजावरून जो गंज घासून काढतो, त्याच्याच कुळातले हे खनिज. या मुलखात पूर्वी मातीच्या लहान भट्ट्यांत कोळसा आणि भाता यांच्या बळावर लोखंड गाळीत. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडावर अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांनी लोहाऱ्याच्या डोंगराकडे दृष्टी लावली होती. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा ठरला नाही. पुढे टाटांचा कारखाना दूर साकचीला उभा राहिला आणि चांद्याचे लोखंड जमिनीतच राहिले.

सूरजागडला प्रत्यक्ष खाणकाम सुरू झाले ते २०१६ मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. २०२१ मध्ये काम पुन्हा जोमाने सुरू झाले. या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्यामुळे तिथल्या अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध केला. दुसरीकडे कित्येक तरुणांना तिच्यामुळे काम मिळाले. माझा मिस्त्री मूळचा त्याच भागातला. खनिजाचे ट्रक त्याच्या दुकानावरून जातात. त्यांचे तुटलेले फाळके जोडून त्याचा संसार चालतो, आणि त्याची म्हातारी आई मात्र त्या ट्रककडे पाठ करून बसते. "दोघांचेही खरे आहे, साहेब," असे तो म्हणतो. यावर मला आजवर उत्तर सुचलेले नाही.

त्या डोंगराची धूळ यंत्राच्या नळीत बसून लोखंडाच्याच तारेची वाट अडवीत होती!

रुसवे आणखी

लायनर आतून दुमडलेलाही होता, म्हणून नवा घातला. रोलरला दोन खाचा असतात, एक ०.८ मिलिमीटर तारेची आणि दुसरी १ मिलिमीटरची. तार ०.८ ची आणि खाच मात्र मोठी, असा प्रकार निघाला. रोलर उलटा करून बसवला. दाब किती द्यावा, याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या लाकडाच्या तुकड्यावर तार तिरपी सोडावी. ती न अडखळता वळत पुढे आली की पुरे. त्याहून पीळ दिला, तर तारेचा चुरा होतो. ट्रिगर दाबल्यावर तारेत वीज असते, म्हणून हातात कातडी मोजे हवेतच.

तार आली, पण टाका कसा? अनारशासारखा जाळीदार! आतल्या जोडणीकडे पाहिले, तर टॉर्च 'वजा' टोकाला होती. बिनवायूच्या, पोटात फ्लक्स भरलेल्या तारेला बहुधा ती तशी लागते. वायूसह भरीव तार वापरताना टॉर्च 'अधिक' टोकाला हवी. पूर्वी कुणीतरी बदल करून तो तसाच ठेवला होता. प्लग काढून टोके बदलली. तरी थोडी जाळी राहिलीच. वायू मिनिटाला दहा-बारा लिटर सुटत होता, लोखंडही घासून लख्ख केले होते. शेवटी कारण सापडले ते माझ्या पाठीशी. मला घाम येतो म्हणून सौ.ने मायेने टेबलफॅन लावला होता, आणि तो सारा वायू उडवून नेत होता! त्यानंतर अर्थचा चिमटा रंगावरून काढून उघड्या धातूवर लावला. मग प्रथमच ती चरचर ऐकू आली. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तळण जमले वाटते!"

चार पथ्ये

घरात हा छंद करणाऱ्याने काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. रात्री डोळ्यांत वाळू पडल्यागत आग होते. काळी काच दहा-अकरा नंबरची हवी, आणि मुलांना बघ्यांत उभे करू नये. कपडे सुती असावेत, नायलॉन नको. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा धूर घेतल्यास ताप भरतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा. खोली मोकळी असावी. वायू कोंडला की श्वासाची हवा कमी होते. आणि यंत्राचे मुख्य झाकण शिकाऊ माणसाने उघडू नये. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते.

देखणा टाका

दिवाळीला चार दिवस राहिले. दोन पट्ट्या जोडून मी असा टाका घातला की, मलाच माझे कौतुक वाटले. मिस्त्री चंद्रपूरला आला होता. त्याने तो पाहिला, पट्टी शिकंजात धरली आणि हातोडीचा एक घाव घातला. पट्टी कट्‌कन सुटली. टाका एका पट्टीला जसाच्या तसा चिकटलेला, आणि दुसरी पट्टी कोरी!

"वर बसला, आत शिरला नाही," तो म्हणाला. "करंट कमी. दिसायला छान, पण धरत नाही."

मी झोपाळ्याच्या आकड्याकडे पाहिले. यंत्र सुधारले होते, हात अजून कच्चाच होता. त्यावर आईला बसवायचे? आईला दिलेला शब्द आणि आईचा जीव यांत निवड करायची, तर शब्द मोडलेला बरा. जुना आकडा तर मिस्त्रीने जोडण्याजोगाही मानला नाही. त्याने नवा अखंड घडीव आकडा आणून बसवला आणि दोघा तगड्या माणसांना झोपाळ्यावर बसवून खात्री केली. करंट वाढवून मी आणखी बऱ्याच पट्ट्या जोडल्या आणि तोडल्या. त्यांतून शेवटी पणत्यांचा एक उभा स्टँड तयार झाला.

भाऊबीजेच्या दुपारी आई झोपाळ्यावर बसली. पायाने हलका रेटा देत तिने विचारले, "यात तुझा टाका कुठला रे?"

खरे ते सांगितले. "यात माझा एकही नाही. तो पणत्यांचा स्टँड तेवढा माझा."

तिने स्टँडकडे पाहिले. तो किंचित डावीकडे कलला होता.

"बरे केलेस," ती म्हणाली, "पण त्यात तेल जरा कमीच घाल."