क्यूआरवर आलेला प्रत्येक रुपया विक्री नसतो. दुकानदारांनो, हिशोब असा जुळवा

आता गावच्या टपरीवरही पैसे आले की डबी बोलते. पण वही कोण लिहितं? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून चहा, बेकरीवाल्यांसह अनेक छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. घरच्यांचे, उसनवारीचे पैसेही विक्रीत धरले, अशी त्यांची तक्रार होती. वही नसेल तर हे सिद्ध कसं करणार?

समजा, महिन्याला ॲपवर ६२ हजार जमा दिसतात. त्यात भावाने पाठवलेले ५ हजार आणि परत आलेले उसने २ हजार. म्हणजे ऑनलाइन विक्री ५५ हजार. गल्ल्यातली रोख विक्री ३० हजार. एकूण विक्री ८५ हजार. डबीचं भाडं कापून बँकेत कमी रक्कम आली, तरी विक्री पूर्णच लिहायची. भाडं खर्चात टाकायचं.

वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की आपल्याकडे जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. यात रोख आणि ऑनलाइन दोन्ही धरतात. प्राप्तिकराच्या अंदाजित पद्धतीत ऑनलाइन विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरतात. म्हणून दोन्ही रकाने वेगळे ठेवा.

दर महिन्याला ॲपचा अहवाल उतरवून वहीशी ताडून बघा. फरक दिसला तर कारण तिथंच लिहा. आणि दुकानाच्या क्यूआरला वेगळं खातं जोडा. निम्मं काम तिथंच होतं.