विश्लेषण : मतदानाआधी नागरिकत्वाचा कागद? चिप रॉय यांच्या विधेयकाचा अमेरिकेतील भारतीयांशी काय संबंध?

नागरिक नसलेल्या व्यक्तीने अमेरिकेच्या संघीय निवडणुकीत मतदान करणे हा गुन्हा आहे. त्यावर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांत दुमत नाही. वाद आहे तो वेगळाच. मतदार नागरिक आहे हे सिद्ध कोणी करायचे आणि कोणत्या कागदाने, यावर गेली दोन दशके खल सुरू आहे. टेक्सासचे रिपब्लिकन लोकप्रतिनिधी चिप रॉय यांनी ‘सेव्ह’ विधेयक आणून या वादाला नवी धार दिली. बेकायदा स्थलांतर आणि निवडणुकीची विश्वासार्हता हे दोन वेगळे प्रश्न नसून एकच आहेत, ही त्यांची भूमिका. ती नेमकी काय आहे आणि तिचा फटका कोणाला बसू शकतो, याचा हा आढावा.

चिप रॉय कोण आहेत?

रॉय हे टेक्सासच्या २१व्या मतदारसंघातून २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले. सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या शहरांलगतचा भाग आणि पश्चिमेकडचा डोंगराळ ग्रामीण पट्टा त्यात येतो. त्याआधी ते सिनेटर टेड क्रूझ यांचे चीफ ऑफ स्टाफ आणि टेक्सासचे फर्स्ट असिस्टंट ॲटर्नी जनरल होते. प्रतिनिधिगृहातील कट्टर उजव्या ‘फ्रीडम कॉकस’ गटाचे ते प्रमुख धोरणकर्ते मानले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी टेक्सासच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उमेदवारी जाहीर केली.

मात्र ते पक्षाच्या मागे मुकाट चालणारे नेते नाहीत. २०२० च्या निवडणुकीनंतर अनेक रिपब्लिकन सदस्यांनी काही राज्यांच्या निकालांवर आक्षेप घेतले, तेव्हा रॉय यांनी विरोधात मत दिले. त्याआधी ३ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी वादग्रस्त ठरवलेल्या सहा राज्यांतील सदस्यांच्या शपथविधीलाच आक्षेप घेतला. याच मतपत्रिकांवर अध्यक्षपदाचा निकाल संशयास्पद असेल, तर त्याच मतपत्रिकांवर निवडून आलेले आपले सहकारी वैध कसे, हा त्यांचा सवाल होता. पुढे २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी ट्रम्प यांच्याऐवजी रॉन डिसँटिस यांना पाठिंबा दिला.

‘सेव्ह’ विधेयक काय आहे?

‘सेफगार्ड अमेरिकन व्होटर एलिजिबिलिटी ॲक्ट’ हे या विधेयकाचे पूर्ण नाव. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यात ते दुरुस्ती सुचवते. सध्याच्या संघीय अर्जात ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ हा प्रश्न असतो. अर्जदार ‘हो’वर खूण करतो आणि खोटे बोलल्यास शिक्षा होईल हे मान्य करून सही करतो. कागदोपत्री पुरावा मागितला जात नाही.

रॉय यांच्या विधेयकानुसार पासपोर्ट, किंवा फोटो ओळखपत्रासोबत प्रमाणित जन्मदाखला अथवा नागरिकत्व प्रमाणपत्र असा पुरावा दाखवावा लागेल. टपालाने अर्ज केला तरी कागद घेऊन कार्यालयात जावे लागेल. पुराव्याशिवाय नाव नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. मतदारयादीतून नागरिक नसलेल्यांची नावे काढण्याची जबाबदारी राज्यांवर असेल.

हे विधेयक प्रतिनिधिगृहात जुलै २०२४ मध्ये २२१ विरुद्ध १९८ आणि एप्रिल २०२५ मध्ये २२० विरुद्ध २०८ मतांनी संमत झाले. दुसऱ्या वेळी चार डेमोक्रॅट सदस्यांनीही बाजूने मत दिले.

रॉय यांचे म्हणणे काय?

त्यांच्या मांडणीचे तीन भाग आहेत. पहिला, बायडेन यांच्या काळात मेक्सिकोच्या सीमेवरून विक्रमी संख्येने लोक आत आले. त्यातील अनेकांना वाहन परवाना मिळतो आणि १९९३ च्या कायद्यामुळे परवाना कार्यालयातच मतदार नोंदणीही होते. त्यामुळे चुकून किंवा जाणूनबुजून नाव यादीत जाण्याची वाट मोकळी आहे. दुसरा, राज्यांना पडताळणी करायची असली तरी संघीय कायदा त्यांचे हात बांधतो. तिसरा, एका अपात्र मताने एका पात्र नागरिकाचे मत निष्प्रभ होते, त्यामुळे ‘असे प्रकार थोडेच असतात’ हे उत्तर पुरेसे नाही.

यातला दुसरा मुद्दा निराधार नाही. ॲरिझोनाच्या मतदारांनी २००४ मध्येच नागरिकत्वाच्या पुराव्याची अट मंजूर केली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला की, संघीय अर्ज भरणाऱ्याकडून राज्य जादा पुरावा मागू शकत नाही. हा निकाल न्या. अँटोनिन स्कॅलिया या उजव्या विचारांच्या न्यायमूर्तींनी लिहिला होता. परिणामी ॲरिझोनात आजही पुरावा न दिलेले मतदार केवळ संघीय निवडणुकीत मत देऊ शकतात, राज्याच्या निवडणुकीत नाही. हा नियम बदलायचा तर काँग्रेसनेच कायदा करायला हवा, आणि रॉय नेमके तेच करू पाहत आहेत.

स्थलांतराबाबत त्यांची भूमिका किती कठोर?

जानेवारी २०२३ मध्ये रॉय यांनी अवघ्या तीन पानांचे सीमा विधेयक मांडले. सीमेवर पूर्ण नियंत्रण मिळेपर्यंत आश्रय मागणाऱ्यांना ताब्यात तरी ठेवा किंवा परत तरी पाठवा, असा त्याचा गाभा होता. टेक्सासचेच रिपब्लिकन सदस्य टोनी गोन्झालेस यांनी त्याला उघड विरोध केला. त्यानंतर मे २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या व्यापक सीमा विधेयकासाठी रॉय यांनी जोर लावला, पण ते सिनेटमध्ये अडकले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ते आणखी पुढे गेले. काही अटी पूर्ण होईपर्यंत पर्यटकांखेरीज जवळपास सर्व परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवावा, असे विधेयक त्यांनी मांडले. त्या अटींत एच-१बी व्हिसा कार्यक्रम गुंडाळण्याचाही समावेश आहे. म्हणजे त्यांचा आक्षेप आता बेकायदा स्थलांतरापुरता राहिलेला नाही. कायदेशीर मार्गाने जाणारे पुणे-मुंबईचे अभियंतेही त्याच्या कक्षेत येतात.

नागरिक नसलेले लोक खरोखर मतदान करतात का?

करतात, पण फार थोडे. जॉर्जियाच्या रिपब्लिकन प्रशासनाने २०२४ मध्ये तपासणी केली, तेव्हा ८२ लाख मतदारांत नागरिक नसलेले २० जण सापडले. टेक्सासने ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या माहितीशी यादी ताडून १ कोटी ८० लाखांहून अधिक मतदारांत २,७२४ नावे ‘संभाव्य’ म्हणून वेगळी काढली. त्यांची पडताळणी जिल्हा पातळीवर करण्यास सांगण्यात आले.

प्रमाण कमी असण्याचे कारण सरळ आहे. १९९६ च्या कायद्यानुसार असे मतदान केल्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि देशाबाहेर घालवले जाऊ शकते. ग्रीन कार्ड मिळवण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस एका मतासाठी हा धोका सहसा पत्करत नाही.

पुरावा मागितला तर बिघडले कुठे?

याचे उत्तर कॅन्ससमध्ये मिळते. तेथे २०१३ पासून अशीच अट लागू झाली. तिच्यामुळे ३१ हजारांहून अधिक अर्ज अडकले. हे प्रमाण नव्या अर्जदारांच्या सुमारे १२ टक्के होते. त्यातील बहुतेक जण अमेरिकी नागरिकच होते. दुसरीकडे, १९९९ पासूनच्या नोंदी तपासल्यावर नागरिक नसलेले जास्तीत जास्त ३९ जण यादीत शिरल्याचे न्यायालयाला आढळले. २०१८ मध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

अमेरिकेत आधारसारखे सर्वांकडे असलेले राष्ट्रीय ओळखपत्र नाही. पासपोर्ट जवळपास निम्म्याच लोकांकडे आहे आणि पहिल्यांदा काढायचा तर १६५ डॉलर मोजावे लागतात. बहुतेक राज्यांच्या वाहन परवान्यावर नागरिकत्वाची नोंद नसते. ‘रियल आयडी’ दर्जाचा परवाना तर एच-१बीवर आलेल्यालाही मिळतो. ब्रेनन सेंटर या संस्थेच्या सर्वेक्षणानुसार २ कोटी १३ लाख पात्र नागरिकांकडे नागरिकत्वाचा कागद हाताशी नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या जन्मदाखल्यावरचे नाव आणि आजचे नाव जुळत नाही. अशा वेळी जादा कागद किंवा शपथपत्र घेण्याची पद्धत राज्यांनी ठरवावी, असे विधेयकातच लिहिले आहे, असा खुलासा रॉय करतात. ते खरे आहे. पण पद्धत काय असावी हे राज्यांवर सोडले आहे आणि चूक झाली तर तुरुंगवास अधिकाऱ्याला आहे. अशा स्थितीत अधिकारी संशयाचा फायदा मतदाराला देईल की नाव नाकारून मोकळा होईल, ही विरोधकांची शंका आहे.

भारतीय वंशाच्या मतदारांना याची झळ कशी?

अमेरिकेत भारतीय वंशाचे सुमारे ५२ लाख लोक आहेत. २०२२ या आर्थिक वर्षात ६५,९६० भारतीयांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. मेक्सिकोनंतर हा दुसरा क्रमांक आहे. या नवनागरिकांकडे नागरिकत्व प्रमाणपत्र असते, त्यामुळे वरवर पाहता अडचण नाही. ते हरवले तर मात्र नव्या प्रतीसाठी ५०० डॉलरहून अधिक शुल्क आहे.

खरी अडचण सरकारी नोंदींची आहे. व्हिसावर असताना काढलेल्या वाहन परवान्याच्या नोंदीत तो माणूस ‘परदेशी’ असतो. पुढे तो नागरिक होतो, शपथ घेतो, मतदार होतो. पण परवाना कार्यालयातील नोंद जुनीच राहते. २०१९ मध्ये टेक्सासने नेमक्या अशा नोंदींवरून ९५ हजार मतदारांवर संशय घेतला होता. काही दिवसांतच त्यातील सुमारे २५ हजार जण रीतसर नागरिक असल्याचे निष्पन्न झाले. प्रकरण न्यायालयात गेले, राज्याला मोहीम मागे घ्यावी लागली आणि वादींच्या वकिलांचा साडेचार लाख डॉलर खर्चही द्यावा लागला.

तिथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीचे काय? जन्मदाखला अमेरिकेचाच, पण लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना नाव जुळवण्याची तीच कसरत करावी लागू शकते. शिवाय अमेरिकेत दुसऱ्या राज्यात राहायला गेले की मतदार नोंदणी नव्याने करावी लागते. नोकरीनिमित्त न्यू जर्सीहून टेक्सासला, तेथून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या कुटुंबाला हे प्रत्येक वेळी करावे लागेल.

भारताचा दाखला का दिला जातो?

मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी नागरिकत्वाच्या पुराव्याची अट घालणारा आदेश काढला. भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडत असताना अमेरिका मात्र स्वयंघोषणेवर विसंबून आहे, असा उल्लेख त्यात होता. निवडणुकीचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्यांना आणि काँग्रेसला आहे, अध्यक्षांना नाही, असे सांगत न्यायालयाने ही अट रोखली.

भारताचे उदाहरण मात्र तितके सरळ नाही. आपल्याकडे मतदारयादीशी आधार जोडणे ऐच्छिक आहे आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्ज क्रमांक ६ भरतानाही नागरिकत्वाचे प्रतिज्ञापत्रच द्यावे लागते. २०२५ मध्ये बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणात २००३ च्या यादीत नसलेल्यांकडून कागद मागितले गेले, तेव्हा ‘पुरावा कोणी द्यायचा’ हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. फरक इतकाच की, भारतात यादी तयार करायला यंत्रणा घरी येते, अमेरिकेत मतदाराने स्वतः जाऊन नाव नोंदवायचे असते. त्यामुळे कागदाची अट तिथे अधिक जड पडते.

विधेयकासमोर अडथळा कोणता?

सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात. २०२५ च्या सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ आहेत. हा नियम न बदलता विधेयक पुढे जाण्यासाठी किमान सात डेमोक्रॅट सोबत यायला हवेत.

दरम्यान राज्ये आपापल्या मार्गाने निघाली आहेत. न्यू हॅम्पशायर, वायोमिंग आणि लुइझियाना यांनी नागरिकत्वाच्या पुराव्याचे कायदे केले. न्यू हॅम्पशायरमध्ये मार्च २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत कागद नसल्याने काही मतदारांना घरी परतून पुन्हा यावे लागले. रॉय यांच्या टेक्सासमध्ये मात्र असेच विधेयक राज्याच्या सिनेटने संमत करूनही २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहात बारगळले.

मतदारयादी स्वच्छ असावी, हा रॉय यांचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. पण कॅन्ससचा आणि टेक्सासचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. कागदाची चाळण बारीक केली की तिच्यात परदेशी मोजकेच अडकतात, नागरिक हजारोंनी. ही किंमत मान्य आहे का आणि ती कमी करण्यासाठी सरकार स्वतःच्या नोंदी आधी नीट करणार का, यावर या विधेयकाचे मोल ठरेल.