कॅमेरा घेऊन फेरफटका

उतारवयांत माणसास एखादें व्यसन जडावें, आणि तें घरच्या मंडळींपासून न लपवितां चारचौघांत मिरवितांही यावें, असा योग क्वचितच येतो. आम्हांस तो आला. नांदेडच्या एका शाळेंत मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेण्यांत आमचा जन्म गेला. २०१५ च्या दिवाळींत, निवृत्तीस सहा-सात महिने उरले असतां, एका जुन्या विद्यार्थ्यानें लहानसा कॅमेरा आमच्या हातीं ठेवला, आणि तेव्हांपासून आमचा सकाळचा फेरफटका नुसता फेरफटका राहिला नाहीं.

हा विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानांत, टोकियो शहरीं राहतो. सुटीच्या दिवशीं कॅमेरा गळ्यांत अडकवून पायीं भटकणारे हौशी लोक तेथें पुष्कळ. त्या परंपरेंतील एक मोठें नांव किमुरा इहेई (१९०१–१९७४) यांचें. लायका हा हातांत मावणारा जर्मन कॅमेरा घेऊन ते टोकियोच्या गल्ल्या हिंडले आणि रस्त्यांतलीं साधीं माणसें त्यांनीं टिपलीं. त्यांच्या नांवाचें पारितोषिक १९७५ सालीं सुरू झालें. तें तेथें मोठ्या मानाचें समजतात. आमच्या शिष्यानेंही तोच मार्ग धरला. त्याच्या चित्रांत फूजी पर्वत नाहीं, चेरीचा बहर नाहीं. दुकानाच्या दाराशीं निथळत ठेवलेल्या छत्र्या. सकाळीं दारावर कापडी पडदा अडकविणारा म्हातारा दुकानदार. पाठीवर ताठ दप्तरें घेऊन, बरोबर वडील माणूस नसतां, रस्ता ओलांडणारीं चिमुकलीं मुलें. एका चित्रापुढें आम्ही फार वेळ थांबलों. त्याच्या मुलाच्या शाळेंत विद्यार्थी आपला वर्ग स्वतः झाडून पुसून काढीत होते. तिकडे हा रोजचा परिपाठ आहे. आम्हीं एकदां आमच्या वर्गाच्या हातीं केरसुणी दिली होती, तेव्हां दुसऱ्या दिवशीं तीन पालक दारांत उभे राहिले होते!

चित्रें पाठवितांना त्यानें एक अट घातली होती. त्याच्या प्रत्येक चित्राबद्दल आम्हीं नांदेडचें एक पाठवावें. "गुरुजी, गुरुद्वाऱ्याचा घुमट नको; तो कोठेंही पाहावयास मिळतो. रोजचें नांदेड पाठवा." आम्ही विचारांत पडलों. ज्या गांवीं जन्म काढला तेथें पाठविण्याजोगें रोजचें असें काय आहे, हेंच आम्हांस सुचेना.

गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ मध्यें जेथें देह ठेविला, त्या स्थानीं पंजाबाधिपति रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत हल्लींची इमारत उभारविली. ती पाहण्यास देशोदेशींचे यात्रेकरू येतात, व चित्रेंही तिचींच घेतात. आम्हीं मात्र शिष्याची आज्ञा पाळून तिच्याकडे पाठ केली, आणि मग दिसूं लागलें. पहांटेच्या अंधारांत गोदावरीचें पाणी घागरींत भरून तें स्नानविधीसाठीं गुरुद्वाऱ्यांत नेण्याचा नेम आहे. तो घागरवाला सेवेकरी आमच्या वाटेनें किती वर्षें जात असेल कोण जाणे; आम्हीं त्यास प्रथम पाहिला तो कॅमेऱ्यांतून. नगीना घाटावर ओलीं वस्त्रें वाळत घालणाऱ्या यात्रेकरू स्त्रिया, पायरीवर बसून आरशाविना दाढी करून घेणारा गृहस्थ, वजिराबादेंत दुकानापुढें पाणी शिंपडणारा पोऱ्या, हें सर्व अठ्ठावन वर्षें आमच्या डोळ्यांपुढें होतें.

निजामाच्या राज्यांत छायाचित्रण नवें नव्हतें. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारीं राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. पण त्यांची कीर्ति मुख्यतः राजवाडे, शिकारी आणि सरदार यांच्या चित्रांवर उभी आहे. शिंपडणाऱ्या पोऱ्याची वेळ यावयास कॅमेरा स्वस्त व्हावा लागला.

घागरवाल्याचें आमचें पहिलें चित्र साफ बिघडलें. उजेड थोडा, म्हणून पडदा अर्धा सेकंद उघडा राहिला, आणि माणसाच्या जागीं एक धुरकट रेघ उमटली. येथें आमच्या पंडिती खोडीची वाचकांनीं क्षमा करावी. 'छायाचित्र' हा शब्द आम्हांस पूर्वी चुकीचा वाटे. काम प्रकाशाचें, आणि नांव सांवलीचें! पुढें अमरकोश पुन्हां उघडला. छाया म्हणजे सूर्याची पत्नी, कांति, प्रतिबिंब, आणि ऊन नसलेली जागा, असे चार अर्थ त्यांत दिले आहेत. शब्द करणारास दोष देणें आम्हीं त्या दिवशींच सोडलें.

आतां लातूर. तेथें आमची कन्या दिली आहे, त्यामुळें लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें एस. टी. नें आमचें जाणें-येणें असतें. लातूरची गंजगोलाई चित्रें घेणारास पर्वणीच. फय्याजुद्दीन या नगररचनाकारानें १९१७ मध्यें तिची आखणी केली. मध्यें देवीचें मंदिर, आणि सोळा रस्ते तेथें येऊन मिळतात. गुळाचा, मिरचीचा, नव्या चामड्याचा, असा प्रत्येक वाटेचा वास निराळा. चित्रांत तो येत नाहीं, ही मात्र हळहळ.

परंतु २०१६ च्या मे महिन्यांत आम्ही तेथें गेलों तेव्हां गोलाईंत जाण्याची इच्छा राहिली नाहीं. मांजरा धरण कोरडें पडलें होतें. पाणी भरण्याच्या जागीं दंगे होऊं नयेत म्हणून मार्चांतच जमावबंदीचा हुकूम निघाला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर. गाडीचीं चित्रें देशभर छापून आलीं. शिष्यानेंही तीं टोकियोंत पाहिलीं, व आम्हांस लिहिलें, "गुरुजी, तुम्ही तेथेंच आहां, गल्लींतलें पाठवा."

कन्येच्या गल्लींत टँकर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं येई. आदल्या रात्रींच घागरी, कळशा, तेलाचे डबे रांगेनें मांडले जात. भांडें असेल तेथें त्याची मालकीण उभी आहे असें सर्वजण मानीत. सकाळीं टँकर आला. चाळिशींतली एक बाई भरलेली घागर कमरेवर घेण्यास वांकली. उजेड उत्तम होता. आम्हीं कॅमेरा डोळ्यास लावला.

"फोटू काय काढायलाव गुरुजी? घागर धरू लागा की!"

आमचें तोंड उतरलें. कॅमेरा पिशवींत घालून आम्हीं घागर धरूं लागलों. एक नव्हे, चार घरच्या. त्या वयांत जिना चढवितां चढवितां धाप लागली, आणि चौथ्या मजल्यावर त्याच बाईनें त्या मोजक्या पाण्यांतलें तांब्याभर आमच्यापुढें केलें. तें नको म्हणणें शक्य नव्हतें, घेणेंही कठीण होतें. खालीं आल्यावर ती म्हणाली, "भांड्याचा काढा हवा तर. माणसाचा नगं. आमी असं दिसावं का कुनाला?"

पुढच्या खेपेस आम्हीं भांड्यांचें चित्र घेतलें. पहांटेची रिकामी गल्ली, आणि रिकाम्या घागरींची वळणावर नाहींशी होणारी रांग. टोकियोहून उत्तर आलें कीं कचेरींतल्या मंडळींस तें फार आवडलें. एखाद्या कलाप्रदर्शनांतली मांडणी असावी असें त्यांस वाटलें. स्तुति म्हणून लिहिलेलें तें वाक्य आम्हांस आजही बोंचतें. बाईचा चेहरा असता तर कोणी तसें म्हटलें नसतें. आणि चेहरा दाखविण्यास तिची ना होती. कोणाचें खरें, याचा आमच्या मनाशीं अद्याप निकाल लागलेला नाहीं. त्या दिवसापासून विचारल्यावांचून कोणाचें चित्र घ्यावयाचें नाहीं, व घेतल्यास छापील प्रत प्रथम त्यासच द्यावयाची, एवढें मात्र आम्ही पाळतों. वजिराबादेच्या पोऱ्यानें आपली प्रत गल्ल्याच्या वर डकविली आहे.

लातूरच्या प्रतीस मात्र दोन वर्षें लागलीं. दोष सर्वस्वीं आमचा. २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही ती घेऊन चौथ्या मजल्यावर गेलों. बाईनें ओले हात पदरास पुसले, चित्र खिडकीच्या उजेडांत धरलें, आणि रांगेंतील सातव्या घागरीवर बोट ठेवलें.

"ही माझी. पोचा बगा हितं."

मग तिनें शेजारणीस हांक मारली, आणि दोघी मिळून उरलेल्या घागरी कोणाकोणाच्या तें ओळखूं लागल्या.